विधान न करण्याची नीती : स्पॅनिशमधील एका क्रियारूपाच्या निमित्ताने

१

स्पॅनिश शिकणाऱ्या विद्यार्थ्याला प्राथमिक पायऱ्या ओलांडल्यावर एक नियम पाठ करावा लागतो. नियम असा : क्रियापदाचे साध्या भूतकाळातील तृतीयपुरुषी अनेकवचनी रूप घ्यावे, त्याच्या अंती असलेला 'रोन' काढून टाकावा आणि त्या जागी 'रा, रास, रा, रामोस, राइस, रान' ही प्रत्ययमाला लावावी. 'आब्लार' म्हणजे बोलणे, 'आब्लारोन' म्हणजे ते बोलले, त्यावरून 'आब्लारा'. 'कोमेर' म्हणजे खाणे, 'कोमिएरोन' म्हणजे त्यांनी खाल्ले, त्यावरून 'कोमिएरा'. 'बिबीर' म्हणजे जगणे, 'बिबिएरोन' म्हणजे ते जगले, त्यावरून 'बिबिएरा'. 'रा'च्या जोडीला 'से' ही दुसरी प्रत्ययमालाही आहे : आब्लासे, कोमिएसे, बिबिएसे. बहुतेक ठिकाणी या दोन मालांत अर्थाचा भेद नाही. या रूपास स्पॅनिश व्याकरण 'सब्जंक्टिव्हचा अपूर्ण भूतकाळ' म्हणते.

या नियमात एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. 'तो बोलला असता तर', 'त्याने बोलावे अशी इच्छा होती', 'जणू तो बोलत होता' अशा, प्रत्यक्षाच्या कक्षेबाहेरच्या आशयासाठी जे रूप वापरायचे, ते घडवण्यासाठी विद्यार्थ्याला आधी 'ते बोलले' हे निखळ घडलेल्याचे रूप ठाऊक असावे लागते. ज्याला 'आब्लारोन' येत नाही, त्याला 'आब्लारा' येणार नाही. न घडलेल्याकडे जाणारी वाट घडलेल्याच्या उंबऱ्यावरून जाते.

हा केवळ अध्यापनाच्या सोयीचा योगायोग आहे, की भाषिक व्यवहाराविषयी त्यातून काही सुचते? प्रस्तुत लेखाचा प्रश्न याहून थोडा व्यापक आहे. बोलणाऱ्याने जे विधान म्हणून मांडलेलेच नाही, त्याची जबाबदारी त्याच्यावर येते काय? येत असेल, तर तिचे स्वरूप कोणते? नीतिविचाराने खरे बोलणे आणि खोटे बोलणे यांची चर्चा विपुल केली आहे. परंतु खरे-खोटे यांच्या अलीकडे, विधानच न करता बोलण्याचा जो विस्तृत प्रदेश आहे, त्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. साहित्याच्या अभ्यासकाला तर हा प्रदेश परका असू नये, कारण ललित साहित्याची वस्ती तेथेच आहे.

२

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे रूप 'अवास्तवाचे' रूप आहे असे पाठ्यपुस्तके सुलभीकरणाने सांगतात. 'सि आब्लारा', म्हणजे 'तो बोलला तर' (आणि तो बोलेल असे मला वाटत नाही), या वाक्यापुरते ते खरे आहे. 'मे दिखो के आब्लारा', म्हणजे 'मी बोलावे असे त्याने मला सांगितले', या वाक्यात मात्र मी बोललो की नाही याविषयी काहीच सूचित होत नाही. आज्ञा आणि कृती यांच्यामधले अंतर तेथे मोकळे ठेवलेले आहे. आणि 'मे दोलिओ के कायारास', म्हणजे 'तू गप्प राहावेस याचे मला दुःख झाले', या तिसऱ्या वाक्यात तर गप्प राहणे ही घडलेली वस्तुस्थितीच आहे. तरीही रूप तेच. टेरेल आणि हूपर या अभ्यासकांनी १९७४ मध्ये मांडलेले विश्लेषण येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते स्पॅनिशमधील अर्थभेदाचा पाया वास्तव-अवास्तव हा नसून विधान-अविधान हा आहे. तिसऱ्या वाक्यात वक्ता 'तू गप्प राहिलास' हे सांगत नाही. ते दोघांनाही ठाऊक आहे. तो त्या वस्तुस्थितीवर आपला भाव व्यक्त करीत आहे.

मराठी वाचकाला हे पटवून द्यायला फारसे सायास पडू नयेत. वरील तिसऱ्या वाक्याचे भाषांतर करताना आपण सहजपणे 'राहावेस' असे विध्यर्थी रूप वापरले. 'ज्याच्यावर विश्वास टाकला त्यानेच दगा द्यावा!' या उद्गारात दगा दिला गेलेलाच असतो. ती इच्छा नव्हे, आज्ञा नव्हे, कर्तव्यही नव्हे. दगा दिला ही बातमी सांगण्याचा तो प्रकार नसून तिच्यापुढे थबकून उभे राहण्याचा प्रकार आहे. 'दगा दिला' आणि 'दगा द्यावा' यांतील तथ्य एकच. भेद आहे तो वक्त्याच्या त्या तथ्याशी असलेल्या नात्यात.

मात्र मराठीने ज्या कामांची वाटणी केली आहे, ती स्पॅनिशने एकाच रूपाकडे सोपवली आहेत. आपल्याकडे 'बोलावे' हा विध्यर्थ आणि 'बोलता तर', 'बोलला असता तर' हा संकेतार्थ अशी दोन खाती आहेत. त्यामुळे 'आब्लारा' या रूपाच्या अर्थाला विध्यर्थ म्हणावे तर संकेत निसटतो आणि संकेतार्थ म्हणावे तर इच्छा, आज्ञा व भाव बाहेर राहतात. म्हणून या लेखापुरती 'अविधानार्थ' ही संज्ञा वापरतो. ती शास्त्रीय परिभाषा व्हावी असा आग्रह नाही. चर्चेचा केंद्रबिंदू तिच्यामुळे स्पष्ट राहतो एवढेच.

येथे एक समांतर गोष्ट नोंदवणे अगत्याचे आहे. संस्कृतात 'पाऊस पडला असता तर सुबत्ता झाली असती' अशा प्रकारच्या वाक्यासाठी लृङ् लकार येतो आणि पाणिनीने त्याच्या अर्थासाठी 'क्रियातिपत्ति', म्हणजे क्रियेची निष्पत्ती न होणे, असा नेमका शब्द योजला आहे. या लकाराचे 'अभविष्यत्' हे रूप पाहिले, तर त्याच्या आरंभी भूतकाळाचा अडागम आहे. मराठीच्या 'बोलला असता' या रूपातही 'बोलला' हे भूतकालवाचक कृदन्त आहेच. न घडलेले व्यक्त करायला तीनही भाषांना घडलेल्याचे काही चिन्ह हाताशी धरावे लागले आहे.

३

स्पॅनिश रूपाचा इतिहास या दृष्टीने अधिक बोलका आहे. 'से' आणि 'रा' या दोन मालांचा जन्म एका घरात झालेला नाही. 'आमार', म्हणजे प्रेम करणे, हे क्रियापद घेऊ. 'आमासे' हे लॅटिनमधील 'अमाविस्सेम' या पूर्णभूताच्या अविधानार्थी रूपावरून आले. म्हणजे ते कुळानेच अविधानार्थी आहे. 'आमारा' मात्र 'अमावेराम' या रूपावरून आले, आणि 'अमावेराम' म्हणजे 'मी प्रेम केले होते'. ते साधे, सरळ, विधान करणारे रूप होते. जुन्या स्पॅनिशमध्येही, सिदच्या महाकाव्याच्या काळात, 'रा'चा प्रधान अर्थ हाच होता. पुढे संकेतार्थी वाक्यांच्या द्वारे ते रूप हळूहळू न घडलेल्याच्या बाजूला सरकले आणि कालांतराने तेथेच स्थायिक झाले. आज लॅटिन अमेरिकेच्या बोलण्यात तर 'से'पेक्षा 'रा'चेच प्राबल्य आहे. म्हणजे जन्मतः अविधानार्थी असलेले रूप मागे पडले आणि मूळचे साक्षीदार रूप स्वप्नाच्या कामाला लागले. 'आमारोन', 'आमारा', 'आमासे' ही तिन्ही लॅटिनच्या एकाच पूर्णभूतवाचक अंगापासून निघालेली आहेत. म्हणूनच 'रोन काढा, रा लावा' हा शिक्षकाचा नियम चालतो. तो नियम इतिहासाचे वर्णन नव्हे, पण इतिहासाचा ठसा निश्चित आहे.

शेजारच्या पोर्तुगीजमध्ये हा प्रवास असा झाला नाही. गोव्यात १९६१पर्यंत राज्यकारभाराची भाषा असलेली पोर्तुगीज ज्या पिढीने शाळेत शिकली, तिला 'फालारा' म्हणजे 'तो बोलला होता' हेच ठाऊक असणार. अविधानार्थासाठी तेथे 'फालास्से' हे वेगळे रूप आहे. एका सीमेच्या अलीकडे जे रूप ग्रंथभाषेत 'घडले होते' अशी ग्वाही देते, त्याचेच भावंड पलीकडे 'घडले असते तर' असे म्हणते. रूपाच्या अंगी स्वतःची अशी निष्ठा नसते, हे सिद्ध करायला याहून वेगळा पुरावा नको.

आणि तरीही जुने कुळ पूर्णपणे पुसले गेलेले नाही. स्पॅनिश वृत्तपत्री आणि चरित्रात्मक गद्यात 'एल लिब्रो के पुब्लिकारा', म्हणजे 'त्याने प्रसिद्ध केलेले पुस्तक', अशी रचना आजही आढळते. पुस्तक प्रसिद्ध झालेले आहे, तथ्याविषयी शंका नाही. पण रूप मात्र 'रा'चे. आंद्रेस बेल्यो या व्याकरणकाराने १८४७ मध्ये सांतियागो येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याकरणात या प्रयोगाविषयी नापसंती व्यक्त केली, कारण त्याच्या मते त्यामुळे अर्थाचा गोंधळ माजतो. ही नापसंती केवळ शुद्धिवादी नव्हती असे मला वाटते. वाक्याच्या मुख्य भागात न मांडता उपवाक्याच्या आडोशाने एखादे तथ्य वाचकाच्या मनात सरकवून देणे ही गद्याची जुनी युक्ती आहे, आणि ज्या रूपाने विधानाची जबाबदारी सोडलेली आहे त्याच रूपात तथ्य मांडले, की ही युक्ती अधिकच सुकर होते.

लेखनात आणखी एक सूक्ष्म भेद दिसतो. 'आब्लारा' या रूपात आघात मधल्या 'ला'वर असतो. तोच आघात शेवटच्या 'रा'वर नेला, की शब्दाचा अर्थ होतो 'तो बोलेल'. 'बोलेल' असे ठाम भविष्य आणि 'बोलला तर' असे अनिश्चित चित्र यांच्यामध्ये केवळ एका आघाताचे अंतर आहे. देवनागरीत ते अंतर दाखवण्याची सोय नाही. कानाला मात्र ते ऐकू आलेच पाहिजे.

४

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विधान न करण्याला नैतिक मूल्य कसे प्राप्त होते, याची सर्वांत कठोर परीक्षा स्पॅनिश साहित्यात मिगेल दे उनामुनो याने घेतली आहे. १९३१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या 'सान मानुएल बुएनो, मार्तिर' या त्याच्या लघुकादंबरीतील दोन मानुएल हा एका खेड्याचा धर्मगुरू आहे. मरणोत्तर जीवनावर त्याचा विश्वास नाही. पण गावाला तो हे कळू देत नाही. लोकांची सेवा करतो, मरणाऱ्यांच्या उशाशी बसतो, आणि आपला विश्वास असावा तसा जगतो. प्रार्थनागृहात सारा गाव एकमुखाने श्रद्धावचन म्हणतो, तेव्हा देहाचे पुनरुत्थान आणि शाश्वत जीवन यांच्या उल्लेखापाशी त्याचा आवाज लोकांच्या आवाजात बुडून जातो. त्या ठिकाणी तो गप्प असतो.

हा प्रसंग व्याकरणाच्या परिभाषेत वाचून पाहावा. श्रद्धावचन विधानार्थी आहे : 'क्रेओ', मी मानतो. ते उच्चारणे म्हणजे विधान करणे, आणि मानुएलच्या बाबतीत ते खोटे विधान ठरेल. तो ते करीत नाही. त्याचे सारे आयुष्य 'कोमो सि' या शब्दांनी सुरू होणाऱ्या वाक्यासारखे आहे, आणि स्पॅनिशमध्ये 'कोमो सि', म्हणजे 'जणू', या शब्दांच्या मागून अविधानार्थी भूतरूपच यावे लागते. 'कोमो सि एस्पेरारा' : जणू त्याला आशा होती. त्याची लोकांविषयीची इच्छाही आपण आपल्या शब्दांत याच रूपाने मांडू शकतो. 'केरीआ के बिबिएरान' : त्यांनी जगावे असे त्याला वाटे.

मानुएल खोटारडा आहे काय? कठोर सत्यवादी 'होय' म्हणेल, कारण आचरणानेही विधान करता येते. तुमच्या अंगावरचा झगा, हातातील पवित्र पात्र हीदेखील वाक्येच आहेत. या आक्षेपाला सहज उत्तर नाही आणि उनामुनोही ते देत नाही. किंबहुना तो आक्षेप अधिक टोकदार करतो. अमेरिकेहून परतलेला, धर्मावर विश्वास नसलेला लाझारो मानुएलच्या सांगण्यावरून लोकांसाठी धर्मविधी पाळू लागतो. म्हणजे 'जणू'ची लागण दुसऱ्यालाही होते. तरीही दोन गोष्टी मानुएलच्या बाजूने सांगता येतील. एक, त्याने जे झाकले ते त्याच्या स्वतःच्या अंतःकरणातील आहे. दुसऱ्या कुणाच्या वाट्याचे सत्य त्याने हिरावलेले नाही. दोन, नेमक्या त्या ठिकाणी तो गप्प राहतो. विधानाच्या जागी विधान केल्याचा आभास तो शब्दाने तरी निर्माण करीत नाही. त्याच्या मौनाला जागा आहे, सीमा आहे आणि किंमतही आहे.

आणि तिसरी गोष्ट कादंबरीच्या घडणीत आहे. हे सारे आपल्याला कळते ते आंखेला या स्त्रीच्या निवेदनातून. बिशप मानुएलला धन्य पुरुष ठरवण्याची प्रक्रिया चालवीत असताना ती हे लिहिते आणि बिशपला मात्र सांगत नाही. बिशपचे चरित्र विधानार्थी असेल, निःशंक असेल आणि खोटे असेल. आंखेलाचे निवेदन आपण काय पाहिले आणि काय स्वप्नात अनुभवले याविषयी साशंक आहे. पण ते साक्ष आहे. लाझारोने तिला सांगितले, तिने लिहिले. 'जणू'चे संपूर्ण आयुष्य अखेरीस कुणाच्या तरी साध्या भूतकाळाच्या आधाराने वाचकापर्यंत पोहोचते.

ललित साहित्याचा आपल्या मुद्द्याशी असलेला संबंध येथे स्पष्ट होतो. कवी काहीच प्रतिपादन करीत नाही, म्हणून तो खोटे बोलू शकत नाही, हा फिलिप सिडनीचा युक्तिवाद परिचित आहे. सर्लने १९७५ मध्ये त्याच मुद्द्याला वाक्कृतींच्या भाषेत मांडले. परंतु कादंबरी विधान करीत नसली, तरी ती बहुतांशी विधानार्थी क्रियारूपांतच लिहिली जाते. 'तो गावी आला' असे कादंबरीकार लिहितो, 'आला असता' असे नव्हे. साहित्य विधानाचे रूप घेऊन विधान करीत नाही; अविधानार्थ मात्र आपण विधान करीत नसल्याचे रूपानेच कबूल करतो. ही कबुली हेच त्याचे नैतिक भांडवल.

५

हे भांडवल कसे उधळले जाऊ शकते, याचे उदाहरण त्याच भाषेत, साहित्याबाहेर मिळते. आर्जेन्टिनात २४ मार्च १९७६ रोजी लष्कराने सत्ता बळकावली. १९८३ मध्ये ती राजवट संपली. त्या काळात हजारो माणसे उचलून नेण्यात आली, आणि त्यांचे काय झाले हे शासनाने सांगितले नाही. डिसेंबर १९७९ मधील एका पत्रकार परिषदेत या बेपत्ता माणसांविषयी विचारणा झाली, तेव्हा लष्करशहा विदेलाने दिलेले उत्तर सर्वश्रुत आहे. त्याचा आशय असा : तो माणूस समोर आला तर त्याच्याबाबत एक कार्यवाही होईल, त्याच्या मृत्यूची खात्री पटली तर दुसरी, पण तो बेपत्ता आहे तोवर ते एक अज्ञात आहे, त्याला अस्तित्व नाही, तो मृत नाही आणि जिवंतही नाही.

'समोर आला तर' यासाठी त्याने वापरलेले रूप 'आपारेसिएरा' हे होते. 'आपारेसेर' हे क्रियापद वर्तमानकाळात किंचित वळते, पण या रूपात ते पूर्णतः नियमित आहे. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष होते. नेमका तेथेच त्याचा दोष आहे. ज्या राजवटीच्या हाताखालच्या लोकांनी त्या माणसांना नेले, तिच्या प्रमुखाला विधान करणे शक्य होते, विधान करण्याचे त्याच्यावर बंधन होते. त्याने ते अविधानार्थात विरघळवून टाकले. मानुएलने स्वतःविषयीचे विधान आवरले. विदेलाने इतरांच्या मालकीचे विधान लपवले. रूप एकच, कुळ एकच. पण पहिल्या ठिकाणी ते रूप दुसऱ्याच्या जगण्याला जागा करून देते आणि दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्याच्या मरणालाही जागा नाकारते.

३० एप्रिल १९७७ पासून प्लासा दे मायो या चौकात जमू लागलेल्या मातांना हे बरोबर कळले होते. लॅटिन अमेरिकेतील अशा मातांच्या आंदोलनांतून जी घोषणा घुमली, तिचा आशय 'जिवंत नेले, जिवंतच परत हवेत' असा आहे. तिच्यात 'येवारोन' हे क्रियापद आहे : त्यांनी नेले. साधा भूतकाळ, तृतीय पुरुष, अनेकवचन. शिक्षक विद्यार्थ्याला जे रूप आधी शोधायला सांगतो, तेच हे रूप. कर्ता कोण ते उच्चारलेले नाही, पण प्रत्ययात तो उभा आहे. 'समोर आला तर' असे म्हणण्यापूर्वी 'आम्ही नेले' असे म्हणा, एवढीच त्या घोषणेची व्याकरणिक मागणी होती. १९८४ मध्ये एर्नेस्तो साबातो या कादंबरीकाराच्या अध्यक्षतेखालील आयोगाने 'पुन्हा कधीही नाही' या अर्थाच्या शीर्षकाचा अहवाल सादर केला आणि जवळजवळ नऊ हजार बेपत्ता व्यक्तींची नोंद केली. एका कादंबरीकाराला येथे कल्पिताचे काम बाजूला ठेवून साध्या भूतकाळाचे काम करावे लागले, हे पुरेसे सूचक आहे.

६

येथे एक आक्षेप संभवतो. क्रियारूपाच्या व्युत्पत्तीवरून नीतीचा नियम काढणे हा तर्कदोष नव्हे काय? 'अमावेराम'चा अर्थ काय होता याचे ओझे आजच्या वक्त्यावर का लादावे? आक्षेप योग्य आहे आणि तो मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. स्पॅनिश बोलणारा कुणी हे रूप वापरतो म्हणून अधिक सत्यनिष्ठ किंवा अधिक कावेबाज होत नाही. पोर्तुगीजचे उदाहरण आपण त्यासाठीच पाहिले. व्याकरण नीती शिकवीत नाही. पण नैतिक प्रश्न कोठे उद्भवतो ती जागा ते दाखवू शकते. विधान आणि अविधान यांच्यातील भेद बोलणाऱ्याला प्रत्येक वाक्यात, प्रत्ययाच्या पातळीवर करायला लावणारी भाषा त्या भेदाचे अस्तित्व विसरू देत नाही. त्या भेदाचे काय करायचे, हे बोलणाऱ्याने ठरवायचे असते.

म्हणून या लेखाचे प्रतिपादन मर्यादित आहे. विधान न करण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. त्यावाचून इच्छा, पश्चात्ताप, करुणा आणि साहित्य यांपैकी काहीच संभवणार नाही. 'मी बोललो असतो तर' असे म्हणणारा पश्चात्तापी माणूस या अधिकाराचा सर्वांत प्रामाणिक उपयोग करीत असतो, कारण 'मी बोललो नाही' हे साधे विधान त्याने आधी स्वतःशी केलेले असते. तेच विधान टाळून जो 'बोललो असतो तर'च्या आश्रयाला जातो, तो पश्चात्ताप करीत नाही, बचाव करतो. दोन्ही वाक्ये शब्दशः सारखी असू शकतात. भेद वाक्याच्या मागे आहे.

'आब्लार' हे क्रियापद ज्या लॅटिन शब्दापासून आले, तो 'फाबुला', म्हणजे कथा, या शब्दाशी जोडलेला आहे. बोलणे आणि कथा सांगणे यांचे मूळ एक असावे, ही साहित्याच्या अभ्यासकाला सुखावणारी गोष्ट आहे. पण वर्गातील नियम विसरता येत नाही. 'आब्लारा' लिहिण्यापूर्वी 'आब्लारोन' ठाऊक असावे लागते. ते कोण होते, आणि ते काय बोलले किंवा त्यांना बोलू दिले की नाही, हे आधी सांगावे लागते. त्यानंतरच 'ते बोलले असते तर' असे म्हणण्याचा हक्क आपल्याला मिळतो.